सीझन संपल्यावर

महाराष्ट्राला वसंत ऋतू नाही, असं माझं मत होतं. ते मी मनात ठेवत नसे, चारचौघांत ठासून सांगत असे. आपल्याकडे पावसाळा आहे, चार दिवसांची थंडी आहे आणि बाकी सगळा उन्हाळा. वसंत ही कवींची आणि सिनेमावाल्यांची सोय आहे, असं म्हटलं की लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. बर्फ वितळून जमिनीतून कोंभ वर येतात तो खरा वसंत, आणि तो पाहायचा तर काश्मीर किंवा युरोप गाठायला हवा. आमच्या सह्याद्रीत फेब्रुवारी सरता सरता गवत वाळतं, झाडांचे खराटे होतात, ओढ्यांत नुसते दगड उरतात. त्या दिवसांत बाहेर पडून पाहायचं काय?

हे मत घरात बसणाऱ्या बाईचं असतं तर मी ते इथे सांगितलंही नसतं. पण मी डोंगरात फिरणारी. कॉलेजपासून ट्रेकिंग करते. आमच्या ग्रुपचं वर्ष जूनच्या पहिल्या सरीला सुरू व्हायचं. पावसात राजमाची, तिकोना, अंधारबन. सप्टेंबरात कासच्या पठारावरची फुलं. मग हिवाळ्यात रतनगड, हरिश्चंद्रगड, अवघड वाटा. महाशिवरात्र झाली की सॅक माळ्यावर. ‘सीझन संपला’ असं आम्ही म्हणायचो आणि ते निसर्गाचंच वेळापत्रक असल्यासारखं मानायचो. पुढचे तीन-साडेतीन महिने शनिवार-रविवार म्हणजे मॉल, सिनेमा, उशिरा उठणं आणि संध्याकाळी, सुट्टी वाया गेली म्हणून चिडचिड.

आमच्यापैकी बहुतेकांकडे एक वही असायची. माझ्याकडेही होती, अजून आहे. तीत किल्ल्याचं नाव, तारीख, वर पोचायला लागलेला वेळ. वाटेत काय दिसलं त्यासाठी रकानाच नव्हता. चालताना कुणी एखाद्या झाडापाशी रेंगाळला की मागून आवाज जायचा, ‘चला, चला, वर पोचल्यावर बघा काय बघायचं ते.’ तो आवाज बऱ्याचदा माझा असायचा.

पुण्यातली वेताळ टेकडी माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिच्याविषयी माझं मत तर आणखी तुसडं होतं. टेकडी म्हणजे बीपीवाल्यांची, निवृत्तांची आणि कुत्री फिरवणाऱ्यांची जागा. मी तिथे जायचे ती सरावाला. मोठा ट्रेक जवळ आला की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाकायच्या आणि चढ-उतार करायचे, नजर मनगटावरच्या घड्याळावर. 2023 साली बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात पुणेकर टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरले, तेव्हा मीही गेले. घोषणा दिल्या, सह्या गोळा केल्या. पण त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, बाई, जी वाचवायला निघालात त्या टेकडीवरची पाच झाडं ओळखून दाखवा, तर मला तोंड लपवायला लागलं असतं. सुदैवानं कुणी विचारलं नाही. मोर्च्यात असले प्रश्न विचारत नाहीत.

वाचन नव्हतं असंही नाही. दुर्गा भागवतांचं 1956 साली आलेलं ‘ऋतुचक्र’ आमच्या कपाटात होतं. एम.ए.ला असताना ते मी वाचलं होतं आणि त्यातल्या भाषेवर चांगले मार्कही मिळवले होते. पण हे सगळं कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहिलंय, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच आसपास दरवर्षी घडतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी ते शैली म्हणून वाचलं. साहित्याच्या विद्यार्थिनीनं याहून मोठा अडाणीपणा काय करायचा राहतो, मला माहीत नाही.

सासूबाई गेल्यानंतर माझे सासरे भंडाऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते काही निसर्ग अभ्यासक नव्हेत. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांना येत नाहीत, दुर्बीण त्यांनी कधी हातात धरलेली नाही. बोलणं कमी. पुण्यात त्यांचं मन लागत नव्हतं, हे आम्हाला दिसत होतं आणि त्यावर आमच्यापाशी उपाय नव्हता. बाबांना कुठेतरी ‘फिरवून आणायला’ हवं, असं नवरा म्हणायचा. या शब्दांतच आम्ही विचार करायचो, एखादं राहिलेलं काम उरकावं तसा.

एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, “फागुन लागला. पळस फुलला असन ना इकडे?”

मी म्हणाले, “पुण्यात कुठला पळस, बाबा. इथे आता सगळं वाळलेलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “वाळल्यावरच तर फुलते तो.”

पळस मला माहीत होता तो म्हणीपुरता. कुठेही गेलं तरी तेच, असं सांगायचं असलं की ‘पळसाला पाने तीनच’ हे मी सराईतपणे वापरायचे. त्या झाडाचं पान मी कधी हातात घेतलं नव्हतं. तीन आहेत की चार, हे दुसऱ्याच्या शब्दावर धरून चालले होते.

त्या रविवारी आमच्या ग्रुपचा शेवटचा ट्रेक उन्हाचं कारण देऊन रद्द झाला. सकाळ मोकळी होती, नवरा गावाला गेला होता. म्हटलं, चला, बाबांना टेकडी दाखवून आणू, तासाभरात परत. मनात काय होतं तेही सांगून टाकते. म्हातारं माणूस बरोबर आहे म्हणजे आज चालणं होणार नाही, माझी सकाळ गेली, असा हिशेब मी चपला घालतानाच मांडला होता.

वर पोचलो तर उतारावर जिकडेतिकडे फिकट गुलाबी फुलांचे तुरे. मला एकदम जिंकल्यासारखं वाटलं. बघा, आमच्याकडेही फुलतं. बाबा जवळ गेले, पाहिलं आणि म्हणाले, “हे आपल्याकडचं नाही वाटत.” पाठीमागून काठी टेकत येणारे एक गृहस्थ थांबले. त्यांनी सांगितलं, हे गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतलं झाड, वनखात्यानं टेकड्या हिरव्या करायला लावलं. कोकणात शेताच्या बांधावर लावून त्याच्या पाल्याचं खत करतात. मग ते पुढे निघून गेले. ज्यांना मी बीपीवाले म्हणत असे, त्यांच्यातलेच ते एक. मी सराव करत होते तेवढ्या वर्षांत ते टेकडी पाहत होते.

थोडं पुढे वाटेच्या खालच्या अंगाला एक काटेसावर होती. पान एकही नाही, आडव्या पसरलेल्या फांद्या आणि त्यांवर मुठीएवढी लाल फुलं. झाडाखाली फुलांचा सडा. बाबा सरळ वाट सोडून खाली उतरले आणि एका दगडावर बसले. मी वाटेवरच उभी राहिले. चालताना थांबल्यावर मी बसत नसे. बसलं की पाय आखडतात, असं आम्हाला शिकवलेलं.

“बाबा, पुढे खाणीपाशी जाऊ या, तिथे पाणी आहे.”

“जाऊ ना. घाई काहून करून राहिली तू?”

मग मी बसले. नाइलाजानं बसले आणि पहिला अर्धा तास मला सपाटून कंटाळा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. घड्याळ पाहिलं. मोबाइल पाहिला. ग्रुपवर कुणीतरी रद्द झालेल्या ट्रेकबद्दल रडगाणं लावलं होतं, त्याला उत्तर दिलं. बाबांशी काहीतरी बोलायला हवं म्हणून भंडाऱ्याच्या तलावांचा विषय काढला. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं आणि परत वर पाहू लागले. शेवटी माझ्यापाशी करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मीही वर पाहिलं.

पहिल्यांदा दिसला तो कोतवाल. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. एका फांदीवर बसून तो सगळ्यांवर धावून जात होता. साळुंक्या आल्या की त्यांच्यावर झेप, बुलबुल आले की त्यांच्यावर. तो एका बाजूला धावला की दुसऱ्या बाजूनं बाकीचे फुलांत घुसून घ्यायचे. मला हसू आलं. एक बुलबुल फुलातून डोकं बाहेर काढून वळला तर त्याच्या कपाळाला परागाची धूळ लागलेली. तसाच तो दुसऱ्या फुलात घुसला. शाळेत परागीभवनाची आकृती मी इतक्या वेळा काढली होती. ते असं भांडाभांडीत, घाईत, चोचीनं ओरबाडत चालतं हे आकृतीत नव्हतं. मग एक खार आली. एवढीशी शिंजीर आली आणि कोतवालाच्या नजरेतून सुटून खालच्या फुलाला लोंबकळली. तेवढ्यात गलका करत एक थवाच उतरला, गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी. सगळं झाड लग्नघरासारखं गजबजून गेलं.

“पळसमैना,” बाबा म्हणाले. “आमच्याकडे पळसावर येतेत. आता जातीन.”

त्या कुठे जातात हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नंतर वाचलं. भोरडी असंही नाव असलेला हा पक्षी मध्य आशियात आणि पूर्व युरोपात वीण करतो, थंडीत आपल्याकडे येतो आणि साधारण एप्रिलपर्यंत परततो. म्हणजे ज्या वसंतासाठी मला युरोप गाठायचा होता, तिकडे निघालेले प्रवासी माझ्या घरामागच्या टेकडीवर जेवून पुढे जात होते.

एक फूल खाली पडलं. सावरीचं फूल पाकळी पाकळी होऊन गळत नाही, मांसल, जड, अख्खंच खाली येतं, आणि पडताना धप्प असा आवाज होतो. बाबांनी ते उचलून माझ्या हातावर ठेवलं. त्याचं वजन मला अनपेक्षित होतं. आत जाड केसरांचा झुबका आणि तळाशी चिकट ओल. रानात हरणं ही पडलेली फुलं वेचून खातात, असं त्यांनी सांगितलं. मग पुन्हा गप्प.

माझ्या मनात कुठलाही साक्षात्कार झाला नाही. वाटलं ते फार साधं आणि जरा लाजिरवाणं होतं. वाटलं, ही सावर कुठे होती? हा उतार माझ्या पायाखालचा. ही वाट मी पाठीवर ओझं घेऊन, घामाघूम होत, कितीदा तुडवली. आणि हे एवढं झाड?

घरी आल्यावर मी जुने फोटो काढून बसले. पावसाळ्यातला एक फोटो सापडला. त्याच उतारावर मी हात पसरून उभी, मागे हिरवंगार गवत, ढग. माझ्या डाव्या हाताच्या पलीकडे काट्यांनी भरलेलं एक खोड आणि अर्धी तुटलेली फांदी. फोटो काढणाऱ्यानं झाड कापून मला मध्यभागी घेतलं होतं, कारण मीच तसं सांगितलं असणार. त्या फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या कुशीत’.

तो फोटो मी बराच वेळ पाहत राहिले. डोंगरावर माझं प्रेम आहे, ही माझी स्वतःविषयीची सगळ्यांत आवडती समजूत होती. नोकरीत, संसारात काही मनासारखं झालं नाही तरी ती समजूत शाबूत असायची. आता तिच्याकडे नीट पाहिल्यावर कळलं की माझं प्रेम हिरव्या रंगावर होतं, धुक्यावर होतं, आणि त्या दोन्हींच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माझ्यावर होतं. डोंगर हिरवा नसला की तो मला नकोसा व्हायचा. जो फक्त आपल्या आवडीच्या कपड्यांतच माणसाला ओळख दाखवतो, त्याच्या मैत्रीला आपण काय म्हणू?

नंतरचे रविवार मी बाबांबरोबर, कधी एकटीच बाहेर पडू लागले. लांब नाही. ताम्हिणीच्या बाजूला, दिवे घाटातून सासवडकडे, मुळशीच्या रस्त्यानं. पळस पाहिला, पान हातात घेतलं, तीनच होती. वास आला नाही. इतकं भडक फूल आणि वास नाही. त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः पक्षी, आणि त्यांना वासापेक्षा रंग कळतो. कुसुमाला कोवळी पालवी फुटते ती लालभडक, लांबून झाड फुललंय असंच वाटतं. पिंपळाची तांबूस पानं उन्हात इतकी पातळ दिसतात की शिरा मोजाव्यात. करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं असतात. त्या जाळ्यांजवळून मी शेकडो वेळा गेले असेन, पण फुलांचा तो गोडसर वास पहिल्यांदा घेतला.

हे सगळं झाडाला पान नसताना, पाणी आटत असताना का होतं, याचं मला मोठं कोडं होतं. उत्तर वाचल्यावर मी माझ्या लाडक्या पावसाळ्याकडेही निराळ्या नजरेनं पाहू लागले. कोरड्या दिवसांत पानांवाटे पाणी उडून जातं, म्हणून झाड पानं टाकून देतं. पानं नसली की फुलं लांबून दिसतात, पाखरांना तिथवर पोचायला अडथळा राहत नाही. फाल्गुनात फुललं की सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये उकलतात आणि म्हातारी वाऱ्यावर उडते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असतं, ती शेंगही पावसाच्या तोंडावर सुटून वाऱ्यानं लांब जाते. जमीन भिजायच्या वेळेला बी जमिनीवर हजर. म्हणजे जूनमध्ये ज्या हिरवळीवर आम्ही उड्या मारत तुटून पडायचो, तिची बरीचशी तयारी आम्ही सॅक माळ्यावर टाकल्यानंतर झालेली असायची. पंचांगात फाल्गुन हा शिशिराचा महिना; वसंत चैत्रापासून. झाडं मात्र पाडव्याची वाट पाहत नाहीत.

आणि बाकीची मजा अगदी क्षुल्लक. तीच मला अधिक आवडू लागली, हे कबूल करायला मात्र वेळ लागला. रस्त्याकडेला ओल्या हरभऱ्याच्या जुड्या मिळतात. त्या काटक्यांवर भाजून हुळा करायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि काळ्या बोटांनी खायचा. सासवडच्या बाजूला या दिवसांत अंजिरांच्या पाट्या लागलेल्या असतात. रसवंतीवर बसून आलं-लिंबू घातलेला रस प्यायचा. तिथल्या घुंगरांच्या आवाजात बाबांना बोलायची लहर येते, का ते मला अजून कळलेलं नाही. एकदा त्यांनी पळसाची फुलं घरी आणून रात्रभर पाण्यात भिजत घातली आणि धुळवडीला सोसायटीतल्या पोरांसाठी केशरी पिवळ्या रंगाची बादली तयार केली. पोरांना तो रंग फार फिका वाटला. बाबांनी मनावर घेतलं नाही.

इथवर लिहून मला माझीच शंका येते. पश्चात्ताप झालेली माणसं फार लवकर गोड बोलू लागतात. म्हणून जे गोड नाही तेही लिहिते.

पाडव्याच्या सुमारास आम्ही भंडाऱ्याला गेलो होतो. पहाटे बाबा मला मोहाखाली घेऊन गेले. मोहाची फुलं रात्री उशिरा, पहाटे गळतात. फिकट पिवळी, रसरशीत. बायका, पोरी उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वाकून वेचत होत्या. मी हरखून गेले, मीही वेचायला बसले, दहा मिनिटांत कंबर धरली. ती फुलं अंगणात वाळवून विकायची असतात. वर्षाच्या त्या कोरड्या महिन्यांत घरात येणारा तो पैसा असतो. माझ्या सुट्टीचा जो आनंद होता, ते त्यांचं काम होतं आणि त्याला रविवार नव्हता. एक बाई माझ्या मोबाइलकडे पाहून नुसती हसली. ते हसू मी कुठल्या रकान्यात लिहू?

तिथेच झाडाखालचा पाला पेटवलेला दिसला. जमीन साफ असली की फुलं वेचायला सोपी जातात. त्यातून कधी वणवा पसरतो. मी तावातावानं बोलू लागले, कारण तोवर माळावरच्या वाळक्या गवताविषयीही मी वाचलं होतं. चंडोल त्या गवतात जमिनीवर घरटं करतो, रातवा उघड्यावर अंडी घालतो, आणि पुण्याच्या टेकड्यांवर दरवर्षी कुणाच्या तरी फेकलेल्या काडीनं ते सगळं जळतं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “तुमच्याकडे जळते ते कोणाच्या पोटासाठी जळते?” मला उत्तर सुचलं नाही. पोटासाठी लावलेली आग आणि मौजेत टाकलेली काडी, या दोन्हींना एकच शिवी देता येत नाही. जंगलाचं नुकसान मात्र दोन्हींनी होतं. हा गुंता माझ्याच्यानं सुटलेला नाही.

ऊनही खोटं नाही. मार्चमध्ये पुण्यात पारा सहज पस्तिशीपार जातो. नवानंतर टेकडीवर थांबणं शहाणपणाचं नाही, आणि ‘उन्हाची पण मजा असते’ असं मी म्हणणार नाही. पावसाळा मला अजून तितकाच प्रिय आहे. जून उजाडला की पाय शिवशिवतात, मी जाते, चिखलात लोळते. आधीचं सगळं खोटं होतं आणि आता मला खरं सापडलं, असा काही प्रकार नाही.

स्वभावही सहजासहजी जात नाही. सुरुवातीच्या दिवसांतच मी जुन्या वहीत नवं पान उघडलं होतं. झाडाचं नाव, ठिकाण, तारीख. पळस किती, पांगारे किती, सावरी किती. एका रविवारी गाडीतून उतरल्या उतरल्या मी आकडे टिपू लागले, तर बाबा म्हणाले, “आता झाडं मोजून राहिली का?” मी जाम खजील झाले. वही बंद केली, पण फेकली नाही. परवा पाहिलं तर त्या पानावर मी एक नवा रकाना आखलेला आहे आणि त्याचं शीर्षक अजून ठरलेलं नाही. सध्या त्यात ‘हुळा खाल्ला’ असलं काहीबाही लिहिलेलं असतं.

बाबांच्या गुडघ्यांना आता चढ सोसत नाही. ते टेकडीच्या पायथ्याशी बाकावर बसतात, मी वर जाऊन सावरीला किती फुलं आली ते सांगते, आणि मी नीट पाहिलं की नाही याची ते उलटतपासणी घेतात. “कोतवाल होता का?” होता. “आणि खार?” मग मला परत आठवावं लागतं. हिशेब मांडून घरातून निघणाऱ्या मला आता हिशेब द्यावा लागतो, आणि तो खोटा दिला तर त्यांना लगेच कळतं.

यंदा महाशिवरात्रीनंतर आमच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे ‘सीझन संपला’ झालं. मी लिहिलं, रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर या, सावर फुलली आहे. एकानं विचारलं, किती किलोमीटर? दुसऱ्यानं विचारलं, वर पोचायला किती वेळ, आणि शेवटी बघायला काय आहे? प्रश्न सगळे माझेच होते, इतकी वर्षं मीच ते विचारत आले, त्यामुळे राग आला नाही. लिहिलं, अंतर फारसं नाही, खाली चहा आणि पोहे मिळतात. दोघं आले. एक जण रमला. दुसरा थोड्या वेळानं उठला आणि सरळ म्हणाला, “मला कंटाळा आला, मी निघतो.” मला त्याचं ते बोलणं आवडलं. मीही त्या दिवशी अशीच उठून जाणार होते. बरोबर सासरे होते आणि त्यांना सोडून जाता येत नव्हतं, म्हणून बसून राहिले. बाकी माझं कर्तृत्व त्यात काही नाही.